हचिन्सनबाईंच्या वाटेनं: बॉस्टन ते पोर्टस्मथ, पाच दिवस

भाचीला पाचवा महिना लागला होता. बाळंतपणाला माझी बहीण जाणारच होती, पण मधल्या महिन्यात कुणीतरी सोबत हवं म्हणून मी आधी गेले. भाचीचं घर बॉस्टनच्या दक्षिणेला क्विन्सी गावात आहे (तिथले लोक ‘क्विन्झी’ म्हणतात). घरकाम, चालणं, डबे भरणं यातून पाच दिवस मी हट्टानं माझ्यासाठी मागून घेतले. साताऱ्याकडच्या सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेल्या बाईला सुईणींविषयी ओढ असणारच. ॲन हचिन्सन हे नाव मला सतराव्या शतकातल्या बॉस्टनच्या एका सुईणीचं नाव म्हणूनच पहिल्यांदा कळलं. धर्मसभेशी तिचं झालेलं भांडण नंतर वाचलं, आणि मग ती जिथे जिथे उभी राहिली ती जागा बघायचीच असं मनानं घेतलं.

२८ मे. बॉस्टन

क्विन्सीहून रेड लाइननं अर्ध्या तासात पार्क स्ट्रीट. अमेरिकेतला पहिला भुयारी रेल्वेमार्ग १८९७ साली इथेच सुरू झाला. जिना चढून वर आलं की समोर कॉमनचं मोठं मैदान आणि टेकाडावर सोनेरी घुमटाचं स्टेट हाउस, म्हणजे राज्याचं विधानभवन. मे संपत आला तरी समुद्राकडून असा गार वारा येत होता की मी साडीवर भाचीचा जाड कोट चढवला.

स्टेट हाउसच्या समोर दोन स्त्रियांचे पुतळे आहेत. पश्चिमेकडचा ॲन हचिन्सनचा, १९२२ सालचा. ती उभी आहे, नजर वर, छातीशी बायबल धरलेलं, आणि एक लहान मुलगी तिला बिलगलेली. पूर्वेकडचा मेरी डायरचा, १९५९ सालचा. ती बाकावर बसलेली आहे, साधी टोपी, मान खाली, हात मांडीवर. दोघीही एकमेकींना ओळखत होत्या, मेरीच्या एका बाळंतपणात ॲन सुईण होती, आणि आता त्या इमारतीच्या दोन टोकांना आहेत. मी लोखंडी कठड्याबाहेरूनच पाहिलं. इमारत आतून बघायला पैसे पडत नाहीत, पण कामाच्या दिवशीच उघडी असते, शनिवार-रविवारी जाऊ नका.

थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ॲन इंग्लंडातल्या लिंकनशरची. बाप पाद्री, आणि अडाणी पाद्र्यांवर टीका केली म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. १६३४ साली ती, कापडाचा व्यापारी असलेला नवरा विल्यम आणि मुलं ‘ग्रिफिन’ जहाजानं बॉस्टनला आली, कारण तिचा आवडता उपदेशक जॉन कॉटन आधीच इथे आला होता. इथे ती बायकांची बाळंतपणं करायची आणि घरी त्यांना जमवून रविवारच्या प्रवचनावर बोलायची. हळूहळू पुरुषही येऊ लागले, साठ-साठ, ऐंशी-ऐंशी माणसं. ती म्हणायची की माणूस तरतो तो देवाच्या कृपेनं. कोण किती नेमानं वागतो यावरून कुणाचं तारण झालं हे ठरवता येत नाही. आणि बरेचसे पाद्री नेमाचाच उपदेश करतात, कृपेचा नाही. ज्या वसाहतीत पाद्र्याचा शब्द आणि सरकारचा शब्द एकाच दोरीनं बांधलेले होते, तिथे हे बोलणं म्हणजे गाठीलाच हात घालणं होतं.

तिचं घर आज नाही, १७११ च्या आगीत गेलं. स्कूल स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्या जागी १७१८ ची विटांची इमारत आहे. ‘ओल्ड कॉर्नर बुकस्टोअर’ म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण पुस्तकं कधीच गेली. आम्ही गेलो तेव्हा तिथे मेक्सिकन खाण्याचं साखळी दुकान होतं. पोळीत गुंडाळलेला राजमा-भात घेऊन आम्ही खिडकीपाशी बसलो. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपचं घर जवळजवळ समोरच होतं. म्हणजे ॲनकडे किती माणसं येतात हे मोजायला त्याला दारातून उठावंही लागत नव्हतं. रस्ता इतका अरुंद आहे की हे तिथे बसल्यावरच कळतं. ‘वसाहतीतला मोठा वाद’ असं पुस्तकात वाचून मला दोन गटांचा संघर्ष वाटला होता. तिथे बसल्यावर ते समोरासमोरच्या शेजाऱ्यांचं भांडण वाटलं.

तिथून पाच मिनिटांवर किंग्ज चॅपलची जुनी दफनभूमी. विन्थ्रॉप तिथे आहे, कॉटनही तिथेच. ॲनची कबर कुठेही नाही, मेरी डायरचीही नाही.

(चालायला सपाट, जाड तळव्याच्या चपला किंवा बूट घाला. विटांचे फुटपाथ जागोजागी उचकटलेले आहेत. गर्भार बाईला घेऊन जाताना मी प्रत्येक वीट बघत होते.)

२९ मे. केंब्रिज

अर्ध्या दिवसाचं काम. हार्वर्ड स्क्वेअरला उतरून दोन मिनिटं चाललं की डन्स्टर स्ट्रीट आणि माउंट ऑबर्न स्ट्रीट एकमेकांना मिळतात. त्या कोपऱ्यावर पूर्वी न्यूटाउनचं (केंब्रिजचं तेव्हाचं नाव) सभागृह होतं. ॲनवरचा खटला बॉस्टनमध्ये चालवला नाही, कारण बॉस्टनची बहुतेक मंडळी ॲनच्या बाजूची होती. नोव्हेंबर १६३७. ॲन ४६ वर्षांची, समोर सुमारे ४० पुरुष, वकील नाही. तिला उभं ठेवलं होतं. चेहऱ्यावरून प्रकृती बरी दिसत नाही असं वाटल्यावर मग बसू दिलं, ही नोंदसुद्धा आहे.

या खटल्याची नोंद राहिली आहे आणि ती मी मराठीत मनाशी इतक्यांदा उलथवली आहे की आता ती मला आमच्याच वॉर्डातली बोलाचाली वाटते. विन्थ्रॉपनं विचारलं, तू घरी सभा का घेतेस? तिनं बायबलमधल्या, तीताला लिहिलेल्या पत्राचा आधार दिला, वडील स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं तिथे आहे. त्यानं सांगितलं, तुम्हा बायकांशी आम्ही वाद घालणार नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पाद्र्यांना सांगितलं, माझ्याविरुद्ध जे बोलताय ते शपथेवर बोला. ते अडखळले. कॉटननंही तिच्या बाजूची साक्ष दिली. खटला ढिला पडत चालला होता, आणि तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं की देव माझ्या आत्म्याशी थेट बोलतो, आणि तुम्ही मला छळलंत तर तुमचा आणि तुमच्या पोरांचा नाश होईल. तेवढं त्यांना पुरलं.

तिनं हे का बोललं यावर माझं आणि भाचीचं वाजलं. भाची म्हणाली, “मावशी, जिंकत आली होती ना, गप्प बसायचं.” मला तसं वाटत नाही. दोन दिवस शास्त्राच्या कायद्यात बोलली, आणि शेवटी जे खरंच मानत होती ते बोलली. ते न बोलता सुटली असती तर कशासाठी सुटली असती?

शिक्षा ऐकल्यावर तिनं विचारलं, मला हद्दपार का करताय ते कळू द्या. विन्थ्रॉपचं उत्तर नोंदीत आहे: आणखी बोलू नकोस, का ते न्यायालयाला माहीत आहे आणि न्यायालयाचं समाधान झालेलं आहे.

त्या कोपऱ्यावर विद्यार्थी कॉफी घेऊन चालले होते. ऊन छान पडलं होतं. मी तिथे उभी राहून तो प्रश्न मराठीत, हळू आवाजात म्हटला. भाचीनं ऐकलं, काही बोलली नाही.

तो हिवाळा ॲनला रॉक्सबरीतल्या एका घरात अडकवून ठेवलं. नवरा, मुलं बॉस्टनला. पाद्री येऊन वाद घालत, आणि ती जे बोले ते पुढच्या आरोपासाठी टिपून घेत. मार्च १६३८ मध्ये तिच्याच चर्चच्या मंडळीनं तिला बहिष्कृत केलं. पाळक जॉन विल्सन यानं तुला सैतानाच्या हवाली करतो असे शब्द उच्चारले. ती दाराकडे निघाली तेव्हा एकच बाई उठली आणि तिचा हात धरून बाहेर पडली. ती मेरी डायर. विल्सन हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

३० मे. सेलम

नॉर्थ स्टेशनहून अर्ध्या तासाची गाडी. सेलममध्ये ऑक्टोबरात जायचं नाही, असं मला तीन जणांनी बजावलं. हॅलोविनसाठी पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात गाव शांत आणि लायलॅकच्या वासानं भरलेलं होतं.

१६९२ सालचा चेटकिणींचा खटला ॲनच्या नंतर दोन पिढ्यांनी झाला. १९ जणांना फाशी, त्यातल्या १४ स्त्रिया, आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. दुकानांतल्या टोप्या आणि झाडू मी बघितल्या नाहीत. जुन्या दफनभूमीला लागून १९९२ साली उभारलेलं स्मारक आहे, तिथे आम्ही तासभर होतो. दगडी भिंतीतून २० बाकं पुढे आलेली, प्रत्येकावर नाव, मृत्यूचा प्रकार आणि तारीख. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर आरोपींचे शब्द कोरलेत, मी निर्दोष आहे, देव जाणतो, असे. वाक्यं मध्येच भिंतीखाली जातात, पुढचं वाचता येत नाही. मी वाकून बघितलं, भिंतीच्या सांध्यातून काही दिसतं का. दिसत नाही.

ॲन प्युडिएटर या नावाच्या बाकापाशी मी थांबले. सत्तरीची विधवा, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि सुईणपण करणारी. तिच्या घरात सापडलेल्या मलमाच्या भांड्यांबद्दल तिला विचारलं होतं, आणि ती म्हणाली की ती साबण करायची चरबी आहे. २२ सप्टेंबरला फाशी. १९५७ साली मॅसॅच्युसेट्सनं दोषमुक्तीचा ठराव केला तेव्हा त्यात नाव फक्त तिचं घातलं होतं, बाकीचे ‘आणि इतर काही’. शेवटचं राहिलेलं नाव, एलिझाबेथ जॉन्सनचं, २०२२ साली मोकळं झालं, तेही आठवीच्या वर्गातल्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून.

सेलममध्ये याहून जुनी एक गोष्ट आहे, तिचं स्मारक मला दिसलं नाही. कसँड्रा साउथविक आणि तिचा नवरा लॉरेन्स क्वेकर झाले. क्वेकर म्हणजे पाद्री नको, प्रत्येकाच्या आत उजेड आहे असं मानणारे, आणि सभेत बाईनं बोलायला त्यांच्यात बंदी नव्हती. म्हाताऱ्या दोघांना हद्दपार केलं, ते लाँग आयलंडजवळच्या शेल्टर बेटावर १६६० साली वारले. त्यांच्या दोन मुलांना दंड भरता आला नाही म्हणून बार्बाडोसला किंवा व्हर्जिनियाला विकून टाका असा हुकूम निघाला. एकही जहाजाचा कप्तान त्यांना न्यायला तयार झाला नाही. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली, “कप्तान बरे निघाले.”

दुपारी पीबडी एसेक्स संग्रहालयात गेलो. सेलमची जहाजं हिंदुस्थानाशी व्यापार करायची, त्यामुळे इथे आपल्याकडच्या वस्तू खूप, आणि आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह आहे. तय्यब मेहता, हुसेन. भाचीचे पाय दुखत होते, बाकावर बसून घेतलं. जेवायला तिसऱ्यांचं दाट पांढरं चाउडर, वर मिरपूड. आमच्याकडच्या तिसऱ्यांना चव जास्त, पण त्या गारव्यात ते पोटात बरं वाटलं.

३१ मे. पोर्टस्मथ, रोड आयलंड

या दिवसाला गाडी लागतेच, साधारण सव्वा तास. आम्हाला अडीच लागले, कारण मुसळधार पाऊस आणि एक चुकीचं वळण. गाडीत भाची म्हणाली, “मेरी डायरच्या बाळाचं मी वाचलंय. तू लपवतेयस ते.”

मी लपवत होते. ऑक्टोबर १६३७ मध्ये मेरीला मृत मूल झालं, दिवस भरायच्या आधी. ॲन आणि जेन हॉकिन्स या सुइणी होत्या. मुलाची कवटी भरलेली नव्हती. कॉटनच्या सल्ल्यानं ते गुपचूप पुरलं. पाच महिन्यांनी विन्थ्रॉपला कळलं, त्यानं ते उकरून काढलं आणि शिंगं, खवले, नख्या अशी वर्णनं लिहून इंग्लंडपर्यंत पाठवली. आईच्या चुकीच्या मतांना देवानं दिलेलं फळ म्हणून. पुढे ॲनलाही पोर्टस्मथमध्ये गर्भाऐवजी घोसासारखे गोळे पडले. आम्ही त्याला द्राक्षगर्भ म्हणतो. तिच्या प्रत्येक चुकीच्या मताचा एकेक राक्षस, असं तिकडे छापलं गेलं.

माझ्या ३१ वर्षांत तसं कवटी न भरलेलं बाळ मी चारदा हातात घेतलंय. धुऊन, मऊ पांढऱ्या कापडात कपाळापर्यंत गुंडाळायचं, नाक-ओठ उघडे ठेवायचे, ते नेहमी सुंदर असतात. मग आईला विचारायचं, बघायचंय का. बहुतेक जणी हो म्हणतात. ॲननंही काहीतरी असंच केलं असणार. तिनं ते झाकलं आणि त्यानं ते उकरलं. विन्थ्रॉपच्या बाकीच्या गोष्टी मी त्या काळाचा माणूस म्हणून समजून घेऊ शकते, ही नाही.

भाची बराच वेळ वायपरकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझी विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आहे, मावशी. तू रिपोर्ट तीनदा वाचलायस.” खरं होतं.

फाउंडर्स ब्रूक पार्क लहानसं आहे, सहज चुकेल. ओढा, झाडी, आणि खडकावर पोर्टस्मथ कराराची पाटी. हा करार ७ मार्च १६३८ ला बॉस्टनमध्येच झाला, ॲनच्या बाजूच्या माणसांनी नव्या वसाहतीसाठी केलेला. सगळ्या सह्या पुरुषांच्या. ज्या बाईमुळे ते निघाले तिची सही नाही, कारण बाईची सही लागतच नव्हती. पोर्टस्मथ ज्या बेटावर आहे त्याची जमीन, आधीच हद्दपार होऊन शेजारी राहणाऱ्या रॉजर विल्यम्सच्या मध्यस्थीनं, तिथल्या मूळच्या नॅरागॅन्सेट लोकांकडून मिळाली, ४० फॅदम (एक फॅदम म्हणजे सहा फूट) पांढऱ्या शंखमण्यांच्या माळा देऊन, शिवाय कोट आणि कुदळी. ॲन बर्फातून मुलांसह चालत आली.

इथे ॲन आणि मेरीच्या स्मरणार्थ औषधी झाडांची बाग आहे. पाऊस थांबला होता. रेनकोट घातलेली एक म्हातारी बाई गुडघ्यावर बसून तण काढत होती. मी साडीत, कोटात, चिखलात. तिनं विचारलं, कुठून? मी सांगितलं, नर्स होते. ती म्हणाली, मीही. मग आमचं इंग्रजी पुरलं. तिनं पान चुरडून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, वास घे. ओल्या मातीतून कडसर, दवण्याच्या जवळचा वास आला. नाव तिनं सांगितलं ते मला नीट कळलं नाही. कळा मंदावल्या की हे देत असत, ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, “आपण नाही देत.” दोघींनी मान हलवली.

विल्यम हचिन्सनला परत वळवायला बॉस्टनची मंडळी माणसं पाठवत होती. त्याचं उत्तर मला फार आवडतं: मंडळीपेक्षा मी माझ्या बायकोशी जास्त घट्ट बांधलेला आहे. तो वारल्यावर ॲन मुलांना घेऊन डचांच्या मुलखात गेली, आजच्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्सकडे. १६४३ मध्ये तिथल्या मूळच्या सिवानॉय लोकांच्या हल्ल्यात ती आणि तिच्याबरोबरची बहुतेक मुलं मारली गेली. डचांनी त्या लोकांशी आधी जे केलं होतं त्याचं ते उट्टं होतं. बॉस्टनमध्ये याला देवाचा न्याय म्हटलं गेलं. तिथल्या नदीला आणि हमरस्त्याला आज तिचं नाव आहे.

परत येताना जॉनीकेक खाल्ले, मक्याच्या पिठाचे तव्यावरचे. बाहेरून कुरकुरीत, आत थालीपिठासारखे ओलसर. सोबत लोणी द्यायला सांगा, पाक नको.

१ जून. पुन्हा बॉस्टन

तारीख मी मुद्दाम धरली होती. सकाळी स्टेट हाउसपासून दोन मिनिटांवर, १४ बीकन स्ट्रीटला, काँग्रिगेशनल ग्रंथालयापाशी गेलो. (आत काम असेल तर आधी वेळ ठरवून जा.) ॲनला बाहेर काढणाऱ्या प्युरिटन (विन्थ्रॉप-विल्सनच्या पंथाच्या) मंडळ्यांचीच ही पुढची परंपरा. याच परंपरेतून मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली मिशन बोर्ड निघालं, त्यांची माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली, आणि आपल्याकडचं अमेरिकन मराठी मिशन झालं. १८२७ साली त्यांनी सिंथिया फरार या अविवाहित बाईला मुंबईला मुलींना शिकवायला पाठवलं. त्या पुढे नगरला गेल्या, तिथेच वारल्या. नगरची त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. घरात बायकांना शिकवलं म्हणून ॲनला काढलं त्याला तेव्हा १८९ वर्षं झाली होती. त्या दारासमोर उभं राहून मी हा हिशेब दोनदा केला.

मग कॉमनवर आलो. १६५० च्या दशकात मेरी डायर इंग्लंडला जाऊन क्वेकर होऊन परतली. बॉस्टननं क्वेकरांना हद्दपार करून परत आल्यास फाशी, असा कायदा केला होता. २७ ऑक्टोबर १६५९ ला तिच्या दोन सोबत्यांना तिच्यासमोर फाशी दिलं. तिच्या गळ्यात दोर होता, तोंड झाकायला रुमाल पाळक विल्सननं दिला होता, तोच विल्सन. मग तिला सोडलं, ते आधीच ठरलेलं होतं. पुढच्या वसंतात ती परत आली. नवरा क्वेकर नव्हता, आणि त्यानं तिला अर्ध्या वर्षाहून जास्त पाहिलंही नव्हतं. तरी तिच्या जिवाची भीक मागणारं पत्र त्यानं गव्हर्नरला लिहिलं, ते आजही आहे. १ जून १६६० ला तिला नेलं तेव्हा ती लोकांशी बोलू नये म्हणून पुढे-मागे ढोल वाजवत होते. फाशीची जागा कॉमन की पलीकडची चिंचोळी पट्टी यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पुतळ्यावर कॉमन लिहिलंय.

परत जाते म्हण, सोडतो, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, नाही, जमणार नाही. विल्सन तिथे होता, पश्चात्ताप कर म्हणाला. ती म्हणाली, “नाही बाबा, मला आता पश्चात्ताप करायचा नाही.”

आम्ही तिच्या पुतळ्यासमोर कठड्याला टेकून उभ्या होतो. भाचीचा हात पोटावर गेला, लाथ मारली म्हणाली, आणि माझा हात ओढून तिथे ठेवला. कोट जाड होता, मला काही लागलं नाही. तिनं कोटाची बटणं सोडली. मग लागलं.

साडेबाराला रेड लाइन पकडली. क्विन्सी सेंटरला उतरल्यावर मेथी मिळाली, ती घेतली.